असेंबलर मॅक्रोत व्हेरिएबलचं नाव चालता चालता बनवायचं कसं, आणि त्यात आपण नेमकं कुठे माती खातो

मेनफ्रेमवर (आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवर) असेंबलरचे मॅक्रो, म्हणजे एका ओळीतून अनेक ओळी तयार करणारे साचे, लिहिणाऱ्या पोरांकडून एकच चूक सात-आठ वेळा बघितली, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. चूक अशी की &(…) हा, म्हणजे कंसातल्या मजकुरावरून व्हेरिएबलचं नाव बनवायचा, प्रकार कुणाच्या तरी जुन्या मॅक्रोत दिसतो, तो कॉपी करतात, पहिल्या दोन कॉलला बरोबर चालतो, मग प्रॉडक्शनच्या तिसऱ्या मॉड्यूलमध्ये आकडे चुकतात आणि असेंबली मात्र रिटर्न कोड 0 देऊन मोकळी. सगळा घोळ क्रमात असतो. नाव आधी साफ करायचं, मग डिक्लेअर करायचं, मग तपासायचं आणि शेवटी सेट करायचं, हा क्रम मोडला की काम बिघडतं.

कोडच्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्यात. तुम्ही टाइप करताना त्याच उच्चाराची इंग्रजी कॅपिटल अक्षरं टाकायची, म्हणजे मॅक्रोची नावं आणि जीबीएलए, सेटसी, एआयएफ वगैरे जशी मॅन्युअलमध्ये असतात तशी. ज्या ओळी आत सरकवल्यात तिथे पहिला कॉलम रिकामा आहे असं समजा.

तयारी: आधी हे तीन प्रश्न

पहिला प्रश्न, असेंबलर कुठला आहे? एचएलएएसएम (आयबीएमचा हाय लेव्हल असेंबलर) असेल तर सगळं चालतं. घरी हर्क्युलिसवर (पीसीवर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) एमव्हीएस 3.8 ही जुनी सिस्टिम टाकून शिकत असाल तर तिथला आयएफओएक्स00 नावाचा असेंबलर हा प्रकार घेतच नाही, त्याला क्रिएटेड सेट सिम्बॉल, म्हणजे अशी चालता चालता बनवलेली व्हेरिएबल, माहीतच नाहीत, तेव्हा आपलं काय चुकतंय म्हणून रात्रभर डोकं फोडू नका.

दुसरा, तुम्हाला व्हेरिएबल हवंय की लेबल? यात फार गल्लत होते. व्ही&आय असं लिहिलं आणि &आय मध्ये 3 असेल तर व्ही3 हा नुसता मजकूर तयार होतो, तो प्रोग्रामचं लेबल म्हणून वापरता येतो. &(व्ही&आय) लिहिलं तर &व्ही3 नावाचं असेंबली चालू असतानाचं व्हेरिएबल. डब्याचं उदाहरण घ्या. &आय म्हणजे चिठ्ठी, चिठ्ठीवर डब्याचं नाव, आणि &( ) म्हणजे चिठ्ठी वाचून तो डबा उघडणं. हे सगळं असेंबल होतानाच संपतं, प्रोग्राम रन होताना यातलं काहीही शिल्लक नसतं. रजिस्टर 5 मध्ये रनटाइमला जी व्हॅल्यू येणार तिच्यावरून नाव बनवता येईल का असं एकाने विचारलं होतं. नाही येणार.

तिसरा, साधा अॅरे पुरत नाही का? 1 ते 50 असे सलग आकडे असतील तर &टॅब(&आय) लिहा आणि घरी जा. क्रिएटेड नाव तिथेच वापरायचं जिथे तुमची किल्ली शब्द आहे, म्हणजे एरर कोड, फील्डचं नाव, फाइलचं नाव असलं काहीतरी. यादी 300 नावांची असेल आणि प्रत्येक कॉलला ती वरून खाली शोधत बसलात तर असेंबली रेंगाळते आणि लूप दोन पदरी झाला की एसीटीआर ची, म्हणजे एआयएफ-एगो च्या उड्या मोजणाऱ्या काउंटरची, 4096 ची डिफॉल्ट मर्यादा पण अंगावर येते. क्रिएटेड नावात शोधणं हा प्रकारच नसतो, नाव घेतलं की थेट डबा उघडतो.

पुढच्या सगळ्या टप्प्यांना एकच उदाहरण घेऊ. एमएसजी नावाचा मॅक्रो आहे, त्याला एरर कोड द्यायचा, उदाहरणार्थ नोअॅक्ट किंवा बॅडडेट. कोड पहिल्यांदा आला तर त्याला नवा नंबर, पुन्हा आला तर तोच जुना नंबर, आणि शेवटी एमएसजीएंड मॅक्रोने सगळ्या कोडचं टेबल छापायचं.

टप्पा 1: नावाचा फॉर्म्युला कागदावर लिहा

कोड टाइप करायच्या आधी नाव कसं बनणार ते लिहून काढा. आपला फॉर्म्युला: एम, मग अंडरस्कोर, मग कोड. म्हणजे &(एम_&नेम).

प्रीफिक्स कशाला, तर ग्लोबल व्हेरिएबल पूर्ण असेंबलीभर एकच असतात, आणि तुमच्या शॉपच्या मॅक्रो लायब्ररीत आणखी कुणी &नोअॅक्ट वापरलं असेल तर दोघांचे डबे एक होतात. शिवाय सिस्टिम व्हेरिएबल किंवा मॅक्रोचं पॅरामीटर यांचं नाव या पद्धतीने बनवून चालत नाही, हा प्रकार फक्त सेट सिम्बॉलसाठी आहे (सेटए ने आकडा किंवा सेटसी ने मजकूर भरतो त्या व्हेरिएबलसाठी). प्रीफिक्स असला की तीही टक्कर टळते.

आता एक बारीक गोष्ट. काउंटरचं नाव &एम_काउंट ठेवलं आणि उद्या कुणी एमएसजी काउंट असा कॉल केला तर? कोडचा डबा आणि काउंटर एकच! म्हणून काउंटर आणि यादी यांची नावं त्या प्रीफिक्सच्या बाहेर ठेवायची, आपण &एमएसजीकाउंट आणि &एमएसजीलिस्ट ठेवू.

दोन तुकडे जोडत असाल तर मध्ये सेपरेटर हवाच. &(व्ही&आय&जे) मध्ये 1 आणि 11 आले की व्ही111, 11 आणि 1 आले तरी व्ही111. माझे एका क्लायंटकडे तीन रात्री याच्यात गेलेत, कारण टेस्टिंगला सगळे आकडे एक अंकी होते, दहाच्या वर कुणी गेलंच नव्हतं. सेपरेटर टाकला की लगेच दुसरा खड्डा येतो:

    &(व्ही_&आय_&जे)       चूक
    &(व्ही_&आय._&जे)      बरोबर

वरच्या ओळीत असेंबलर &आय वाचत नाही, तो &आय_ नावाचं व्हेरिएबल शोधतो कारण अंडरस्कोर हे त्याच्या दृष्टीने अक्षरच आहे. एकतर एएसएमए003ई येतो, अनडिक्लेअर्ड व्हेरिएबल सिम्बॉल असा, किंवा त्या नावाचं व्हेरिएबल खरंच असलं तर काहीच येत नाही आणि भलतं नाव बनतं. तो बारीकसा टिंब तिथे नाव संपलं हे सांगायला असतो. शेवटच्या &जे नंतर कंस आहे म्हणून टिंब लागत नाही.

> चेक: फॉर्म्युल्यात &अमुक च्या पुढे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर येतो का? येत असेल तर मध्ये टिंब.

आकड्यांचं अजून एक. सेटए व्हेरिएबलचा मजकूर होताना पुढचे शून्य जातात आणि उणे चिन्हही जातं. -1 चा मजकूर 1 होतो. म्हणजे लूप चुकून शून्याच्या खाली गेला तर एरर न देता तो व्ही1 वर जाऊन बसेल. आणि कॉल करणाऱ्याने 07 असा मजकूर दिला तर ते नाव व्ही07, तुमच्या सेटए च्या 7 चं नाव व्ही7, हे दोन वेगळे डबे.

टप्पा 2: आलेलं नाव साफ करा

हा टप्पा लोक सरळ गाळतात. पॅरामीटरमध्ये काहीही येऊ शकतं: रिकामं, हायफन असलेलं, कंसातलं रजिस्टर, अर्धं स्मॉल अर्धं कॅपिटल.

     मॅक्रो
     एमएसजी &कोड
     जीबीएलए &एमएसजीकाउंट
     जीबीएलसी &एमएसजीलिस्ट(100)
     एआयएफ ('&कोड' ईक्यू '').बॅड
     एआयएफ (के'&कोड जीटी 16).बॅड
     एआयएफ (नॉट इझसिम('एम_&कोड')).बॅड
    &नेम सेटसी (अपर '&कोड')

रिकाम्याची तपासणी सगळ्यात आधी का, ते नीट बघा. प्रीफिक्स नसता तर रिकाम्या नावाला एएसएमए082ई येऊन असेंबलर स्वतःच ओरडला असता. पण आपण प्रीफिक्स लावलाय, त्यामुळे रिकामा कोड आला की &एम_ नावाचं एकदम कायदेशीर व्हेरिएबल बनतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, टेबलात एक बिननावाची ओळ मात्र येते.

के' म्हणजे मजकुराची लांबी. ती 16 का? टेबलात आपण 16 बाइटच ठेवणार आहोत. असेंबलरची स्वतःची मर्यादा बरीच मोठी आहे, & धरून 63 कॅरेक्टर.

इझसिम (हे वैध सिम्बॉल आहे का ते सांगणारं फंक्शन) ला नुसता &कोड न देता प्रीफिक्ससकट दिलंय, कारण 404 हा कोड एकटा वैध सिम्बॉल नाही पण एम_404 आहे. आकड्यांचे कोड बंद करायचे असतील तर नुसता &कोड द्या, पण ते ठरवून करा.

अपर चं कारण वेगळंय. एचएलएएसएम व्हेरिएबलच्या नावात स्मॉल-कॅपिटल भेद करत नाही, त्यामुळे नंबर दोन्ही वेळा तोच मिळेल, पण यादीत जो मजकूर जातो तो पहिल्यांदा ज्याने जसा टाइप केला तसाच, आणि पुढे मजकुराची तुलना करायची वेळ आली की तिथे मात्र स्मॉल-कॅपिटल वेगळे धरले जातात. एकदाच कॅपिटल करून टाका.

> सावधान: एमएसजी लिहून ऑपरंड रिकामा सोडला आणि पुढे शेरा टाइप केला तर शेऱ्याचा पहिला शब्द ऑपरंड म्हणून घेतला जातो. ऑपरंड मुद्दाम रिकामा ठेवून शेरा लिहायचाच असेल तर मध्ये एकटा स्वल्पविराम टाका, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून.

टप्पा 3: डिक्लेरेशन, आणि ते नाव साफ झाल्यावरच

     जीबीएलए &(एम_&नेम)

ही एक ओळ, जीबीएलए म्हणजे ग्लोबल सेटए व्हेरिएबल डिक्लेअर करणं. पण ही कुठे टाकली यावर सगळं अवलंबून आहे. सवयीने लोक सगळी डिक्लेरेशन्स मॅक्रोच्या डोक्यावर टाकतात, आणि तिथे &नेम अजून भरलेलंच नसतं. एचएलएएसएम मध्ये डिक्लेरेशन मॅक्रोच्या मधोमध चालतं, तेव्हा &नेम सेट झाल्यानंतरच टाका.

ही ओळ विसरलात तर काय होतं? दोन शक्यता आहेत आणि दुसरी जास्त वाईट. आधी तपासून मग सेट करत असाल तर एएसएमए003ई येतो, निदान कळतं तरी. पण आधीच सेट केलंत तर असेंबलर गुपचूप त्या नावाचं लोकल व्हेरिएबल बनवतो, या कॉलपुरतं सगळं बरोबर दिसतं आणि मॅक्रो संपला की ते जातं. पुढच्या कॉलला तोच कोड पुन्हा नवा. टेबलात नोअॅक्ट पाच वेळा दिसला की समजा इथेच गडबड आहे.

प्रत्येक मॅक्रोत, प्रत्येक एक्सपान्शनमध्ये (म्हणजे मॅक्रोच्या प्रत्येक कॉलला) हे डिक्लेरेशन परत लागतं. एका मॅक्रोत ग्लोबल केलं म्हणून दुसऱ्या मॅक्रोला ते आपोआप दिसत नाही.

उलट बाजूने, एकाच एक्सपान्शनमध्ये तेच नाव दोनदा डिक्लेअर करू नका. हे कधी होतं, तर मॅक्रोला कोडची यादी देता, लूपमध्ये एकेक डिक्लेअर करता, आणि यादीत एक कोड दोनदा असतो. माझा उपाय साधा आहे: यादी घेणारा बाहेरचा मॅक्रो वेगळा, आणि तो प्रत्येक कोडसाठी आतल्या एमएसजी ला कॉल करतो. आतल्या मॅक्रोचं प्रत्येक एक्सपान्शन कोरं असतं, त्यामुळे कोड कितीही वेळा आला तरी हरकत नाही.

टप्पा 4: आधी तपासा, मग सेट करा

     एआयएफ (&(एम_&नेम) जीटी 0).ओल्ड
    &एमएसजीकाउंट सेटए &एमएसजीकाउंट+1
    &(एम_&नेम) सेटए &एमएसजीकाउंट
    &एमएसजीलिस्ट(&एमएसजीकाउंट) सेटसी '&नेम'
    .ओल्ड एनॉप
     एलए 15,&(एम_&नेम)
     एमएक्झिट
    .बॅड एमनोट 8,'एमएसजी: कोड चालणार नाही - &कोड'
     एमएंड

एलए ने नंबर रजिस्टर 15 मध्ये जातो, आणि एमनोट 8 म्हणजे 8 तीव्रतेचा एरर मेसेज. ग्लोबल सेटए पहिल्यांदा डिक्लेअर झालं की त्यात 0 असतो, त्यावरच आपण नवं-जुनं ओळखतो. म्हणून नंबर 1 पासून सुरू. शून्यापासून सुरू करायचा मोह होतो, टेबलाचा ऑफसेट सोपा पडतो म्हणून, पण मग पहिला कोड कायम नवाच वाटणार. ऑफसेट हवा असेल तर वापरताना 1 वजा करा.

तिसऱ्या ओळीत क्रिएटेड नाव नेम फील्डमध्ये आहे, म्हणजे कॉलम 1 पासून सुरू. &( च्या आत जागा सोडायची नाही. लोक वाचायला बरं म्हणून कंसात स्पेस देतात आणि मग स्टेटमेंटच तुटतं.

कंस आत की बाहेर हेही बघून घ्या. &(एम_&लिस्ट(2)) म्हणजे लिस्टमधला दुसरा शब्द घेऊन नाव बनवलं. &(एम_&नेम)(2) म्हणजे बनवलेल्या नावाचा अॅरे आणि त्याचा दुसरा घटक. एक कंस इकडचा तिकडे झाला की अर्थ पार बदलतो, आणि दोन्ही स्टेटमेंट वैध असल्यामुळे असेंबलर कशाला काय बोलतोय.

आणि .ओल्ड सारखे सिक्वेन्स सिम्बॉल (एआयएफ-एगो ने उडी मारायच्या खुणा) मात्र असे बनवता येत नाहीत. एगो .एल&आय असं लिहून बघितलेलं आहे लोकांनी. नाही चालत.

टप्पा 5: यादी स्वतः ठेवा, नाहीतर शेवटी हात रिकामे

एम_ ने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल दे, असं असेंबलरला विचारता येत नाही. नाव माहीत असेल तरच डबा उघडतो, आणि कुठली नावं होती हे तुम्ही कुठे लिहून ठेवलं नसेल तर ती गेली. म्हणून टप्पा 4 मधली &एमएसजीलिस्ट ची ओळ गाळायची नाही. त्या यादीवरून शेवटचा मॅक्रो:

     मॅक्रो
     एमएसजीएंड
     जीबीएलए &एमएसजीकाउंट
     जीबीएलसी &एमएसजीलिस्ट(100)
    .लूप एनॉप
    &आय सेटए &आय+1
     एआयएफ (&आय जीटी &एमएसजीकाउंट).डन
    &नेम सेटसी '&एमएसजीलिस्ट(&आय)'
     जीबीएलए &(एम_&नेम)
     डीसी एएल2(&(एम_&नेम)),सीएल16'&नेम'
     एगो .लूप
    .डन एमएंड

यात एक चूक मी मुद्दाम ठेवलीय, सापडली का? &आय सेटए &आय+1 ही पहिलीच ओळ आहे आणि उजवीकडचा &आय त्याआधी कुठेच डिक्लेअर नाही. .लूप च्या वर एलसीएलए &आय टाका, किंवा &आय सेटए 0. अनडिक्लेअर्डला 0 धरून काम पुढे जातं, म्हणून टेबल बरोबर येतं पण लिस्टिंगमध्ये एरर पडून राहतो, आणि तो येतोच नेहमी म्हणून लोक बघायचं सोडून देतात. मग त्याच गर्दीत खरा एएसएमए003ई पण निसटतो.

टप्पा 6: टेस्ट डेक, कमीत कमी एवढा

खऱ्या प्रोग्रामवर ट्राय करू नका. छोटा सोर्स करा, वर प्रिंट जेन टाका (मॅक्रोने बनवलेल्या ओळी लिस्टिंगमध्ये दिसायला) आणि हे कॉल द्या, शेजारी काय यायला हवं ते आधीच लिहून ठेवा:

नोअॅक्ट, उत्तर 1.
बॅडडेट, उत्तर 2.
नोअॅक्ट पुन्हा पण स्मॉल अक्षरात, उत्तर 1.
404, उत्तर 3.
ऑपरंड रिकामा, एमनोट 8.
बॅड-डेट हायफनसकट, एमनोट 8.
17 अक्षरांचा एखादा कोड, एमनोट 8.
शेवटी एमएसजीएंड, टेबलात तीनच ओळी.

असेंबलीचा रिटर्न कोड 8 यायला हवा, कारण आपण स्वतःच तीन वाकडे कॉल दिलेत. 0 आला तर आनंद मानू नका, तपासणीचा भाग चालतच नाहीये.

उत्तर जुळलं नाही तर मॅक्रोत क्रिएटेड नाव डिक्लेअर झाल्यानंतर, ते तपासणाऱ्या एआयएफ च्या लगेच आधी ही ओळ घाला:

     एमनोट *,'नेम=&नेम नंबर=&(एम_&नेम)'

दहापैकी आठ वेळा इथेच कळतं की &नेम मध्ये तुम्हाला वाटत होतं ते नव्हतंच. तरी नाही सापडलं तर सोर्सच्या वर एमहेल्प 5 टाका, म्हणजे 1 अधिक 4: प्रत्येक मॅक्रो कॉलचा ट्रेस आणि प्रत्येक एआयएफ च्या आधी सेट सिम्बॉलच्या व्हॅल्यू. एमनोटमध्ये तुम्ही जे नाव विचारलं तेच दिसतं, पण या डंपमध्ये प्रत्यक्ष जी नावं तयार झाली ती दिसतात, म्हणून टिंब विसरलेलं नाव इथे लगेच पकडलं जातं. अॅरे मात्र यात येत नाहीत, &एमएसजीलिस्ट बघायची तर एमनोटच लागेल. काम झालं की एमहेल्प काढा, मोठ्या सोर्सला लिस्टिंग इतकं फुगतं की उघडायची इच्छा होत नाही.

लायब्ररीत टाकायच्या आधी

ग्लोबल म्हणजे एका असेंबलीपुरतं ग्लोबल. दुसरं मॉड्यूल वेगळं असेंबल झालं की सगळे डबे परत रिकामे. एका मॉड्यूलमध्ये आधी नोअॅक्ट आला म्हणून तो 1, दुसऱ्यात आधी बॅडडेट आला म्हणून तिथे तो 1, दोन्ही एकत्र लिंक केले आणि एरर टेबल पहिल्याचंच वापरलं की ग्राहकाला खातं सापडलं नाही याऐवजी तारीख चुकली असा मेसेज जातो. नंबर सगळीकडे सारखे हवे असतील तर सगळे कोड ठरलेल्या क्रमाने एका कॉपी मेंबरमध्ये लिहा आणि तो प्रत्येक सोर्सच्या सुरुवातीला कॉपीने ओढा. फक्त तिथे एमएसजी तसाच वापरलात तर प्रत्येक कॉलला एलए ची ओळ जनरेट होईल, म्हणून नुसती नोंद करणारा, एलए नसलेला मॅक्रो वेगळा काढा आणि एमएसजी ने आतून त्यालाच कॉल करावा. त्या मेंबरमध्ये नवा कोड टाकायचा तो कायम सगळ्यात खाली, मध्ये घुसवला तर त्याखालचे सगळे नंबर सरकतात आणि आधी असेंबल होऊन बसलेली मॉड्यूल्स जुन्याच नंबरवर राहतात.